डेक एकच, फळ्या दोन पिढ्यांच्या

न्यू जर्सीत, मिशिगनमध्ये किंवा टोरांटोच्या उपनगरात घर घेतलं की मागचा लाकडी डेक बहुधा घराबरोबरच पदरात पडतो. दहा-पंधरा हिवाळे सोसल्यावर त्यातल्या काही फळ्या कुजतात, काही तडकतात. सुतार येतो, खराब फळ्या काढून नव्या बसवून जातो आणि डेकवर पट्टे उमटतात: राखाडी जुन्या फळ्यांच्या मधेमधे पिवळट-हिरवट नव्या. आता सगळ्यावर एकच स्टेन फिरवला की काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण तसं होत नाही. एकाच डब्यातला स्टेन जुन्या फळीवर गडद बसतो आणि नव्या फळीवर फिका राहतो. शिवाय नव्या फळ्यांवरून तो लवकर उडतो, आणि वर्ष सरायच्या आत पट्टे पुन्हा दिसू लागतात.

याचं कारण डब्यात नसतं, लाकडात असतं. म्हणून स्टेनच्या दुकानात जाण्याआधी दोन्ही लाकडं शक्य तितकी एका पातळीवर आणायची. ते नीट जमलं तर साधा स्टेनही चांगला दिसतो आणि टिकतो. ते न करता महागातला महाग डबा आणला तरी पैसे वाया जातात.

फरक कुठून येतो?

लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक सूर्याच्या अतिनील किरणांनी तुटतो. पाऊस तो धुऊन नेतो आणि वर राहतात ते सैल, राखाडी तंतू. बारीक भेगा पडतात, त्यांत बुरशी आणि शेवाळ धरतं. असं लाकूड पाण्यासारखाच स्टेनही झटकन पितं, म्हणून जुन्या फळ्या गडद होतात.

नवी फळी याच्या अगदी उलट. अमेरिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात डेकसाठी बहुतेक सदर्न यलो पाइन वापरतात. सागवानाच्या अंगात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे ते पावसापाण्यात टिकतं. या पाइनला तसं संरक्षण नाही, म्हणून तांबंयुक्त द्रावण प्रचंड दाबाखाली त्याच्या आत घालतात. हिरवट छटा त्या तांब्याची. दुकानातून आणलेली अशी फळी अनेकदा आतून चिंब असते, उचलली की तिच्या वजनावरूनच ते कळतं. आधीच पाण्याने भरलेल्या लाकडात स्टेन मुरणार कुठे? त्यात कारखान्यात रंधून तिचा पृष्ठभाग गुळगुळीत केलेला असतो. त्यामुळे स्टेन वरच्या वर राहतो.

आधी डेक तपासा

रंगाचा विचार करण्यापूर्वी एक स्क्रूड्रायव्हर घेऊन डेकवर बसा आणि फळ्यांची टोकं, स्क्रूभोवतीची जागा, पायऱ्या आणि खांबांचे तळ टोचून पाहा. टोक सहज आत शिरलं, लाकूड भुसभुशीत लागलं, तर ती फळी बदलायलाच हवी. स्टेन कुजणं थांबवत नाही. डेक घराच्या भिंतीला जिथे जोडलेला असतो ती तुळई खालून नक्की पाहा. ती नुसत्या खिळ्यांवर असेल किंवा कुजलेली वाटली, तर स्टेन बाजूला ठेवून आधी जाणकाराला बोलवा.

फळ्या बदलताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली म्हणजे जाडी. दुकानात पाच-चतुर्थांश म्हणून मिळणारी डेकची फळी प्रत्यक्षात १ इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद असते. काही जुन्या डेकना मात्र दीड इंच जाडीच्या फळ्या असतात. न मोजता फळी आणली तर ठेच लागण्याची सोय होते. दुसरी म्हणजे फट. ओली फळी वाळली की आकसते, म्हणून ती शेजारच्या फळीला जवळजवळ चिकटवून बसवतात. भट्टीत वाळवलेली फळी फारशी आकसत नाही, तिच्या शेजारी एक-अष्टमांश इंच फट ठेवावी लागते. तिसरी म्हणजे स्क्रू. लाकडातल्या तांब्यामुळे साधं लोखंड भराभर गंजतं. स्टेनलेस स्टीलचे किंवा अशा लाकडासाठी मुद्दाम लेप दिलेले स्क्रूच वापरा.

इथेच एक युक्ती करता येते, आणि ती फुकट आहे. नव्या फळ्या जिथे जुन्या निघाल्या तिथेच बसवल्या पाहिजेत असा काही नियम नाही. डेकच्या कडेच्या किंवा बाकाखालच्या धडधाकट जुन्या फळ्या लांबीला जुळत असतील तर त्या काढून मधल्या भागात लावा, आणि सगळ्या नव्या फळ्या सलग एका बाजूला किंवा पायऱ्यांवर बसवा. फरक थोडाफार राहिला तरी तो मग ठिगळासारखा दिसत नाही, मुद्दाम केल्यासारखा दिसतो. काही जुन्या फळ्या उलटूनही लावता येतात. खालची बाजू उन्हापासून वाचलेली असल्याने तिचा रंग नव्या लाकडाच्या जवळचा असतो. मात्र ती बाजू कुजलेली किंवा चिरलेली नाही, हे आधी पाहून घ्या.

डेक २००४ च्या आधीचा असेल तर

हा भाग वगळू नका. २००३ च्या अखेरपर्यंत अमेरिकेत दाबाखाली द्रावण दिलेल्या घरगुती वापराच्या लाकडात सर्रास क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण वापरत, त्याला सीसीए म्हणतात. ३१ डिसेंबर २००३ नंतर घरगुती वापरासाठी ते बंद झालं आणि फक्त तांब्यावर आधारलेली द्रावणं आली. तुमचा डेक त्याआधीचा असेल, किंवा तो कधी बांधला हे सांगणारं कुणी नसेल, तर जुन्या फळ्यांत आर्सेनिक आहे असं धरूनच चाला.

अशा फळ्या सँडरने घासू नका, त्यांचा भुसा श्वासात जाणं धोक्याचं आहे. काढलेल्या फळ्या शेकोटीत किंवा बार्बेक्यूत कधीही जाळू नका, धूर आणि राख दोन्ही विषारी असतात. त्या कुठे टाकायच्या हे नगरपालिकेला विचारा. ब्लीच, ऑक्झॅलिक अॅसिड यांसारख्या रसायनांमुळे लाकडातलं क्रोमियम अधिक घातक रूपात बाहेर येऊ शकतं, तेव्हा असा डेक साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. मुरणारा स्टेन नियमित देत राहिल्याने ही द्रव्यं बाहेर झिरपणं कमी होतं. म्हणजे या डेकसाठी स्टेन हा हौसेचा भाग राहत नाही, गरजेचा होतो. आणि उन्हाळ्यात डेकवर पापड-कुरडया वाळत घालणाऱ्यांनी त्या थेट फळ्यांवर घालू नयेत. लाकूड नवं असो की जुनं, मधे टेबल आणि स्वच्छ कापड हवंच.

नव्या फळ्यांना किती थांबायचं?

सहा महिने थांबा, एक वर्ष थांबा, असे सल्ले सगळीकडे ऐकू येतात. त्यांत अर्धं तथ्य आहे. ओल्या लाकडावर स्टेन बसत नाही हे खरं. पण लाकूड उघडं ठेवण्याचीही किंमत मोजावी लागते. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी १९१० पासून लाकडावर संशोधन करते आहे. काही आठवडे उन्हात उघडं राहिलेलं लाकूडसुद्धा रंग नीट धरत नाही, हे तिथल्या प्रयोगांत दिसलं आहे. पृष्ठभागाचे तंतू तेवढ्यात सैल होतात.

म्हणून कॅलेंडरकडे पाहू नका, ओलाव्याकडे पाहा. हार्डवेअरच्या दुकानात दोन टोकदार पिनांचा ओलावा मोजणारा मीटर मिळतो. पिना लाकडात टोचा आणि वेगवेगळ्या फळ्यांवर, मधोमध आणि टोकांजवळ, आकडे पाहा. १५ टक्के किंवा त्याखाली आलं की लाकूड तयार. मीटर नसेल तर थेंबांची चाचणी करा: जुन्या-नव्या फळ्यांवर पाण्याचे थोडे थेंब शिंपडा. मिनिटाभरात पाणी मुरलं आणि लाकूड गडद झालं तर स्टेनही मुरेल. थेंब मोत्यांसारखे वरच राहिले तर लाकूड ओलं आहे, फार गुळगुळीत आहे किंवा त्यावर जुना लेप शिल्लक आहे. ही चाचणी जुन्या आणि नव्या फळीवर शेजारी शेजारी केली की दोघींची तहान किती वेगळी आहे ते डोळ्यांनीच कळतं. धुऊन-घासून झाल्यावर ती पुन्हा करा. दोन्हीकडे पाणी साधारण सारख्या वेळात मुरू लागलं की तयारी पुरी झाली.

फळी विकत घेताना तिच्या टोकाला ठोकलेली चिठ्ठी वाचा. त्यावर केडीएटी ही अक्षरं असतील तर द्रावण दिल्यावर ती भट्टीत वाळवलेली आहे. ती महाग पडते, पण महिनोन् महिने थांबावं लागत नाही. डेकवर जुन्या-नव्याचा मेळ घालायचा असेल तर हे जास्तीचे पैसे वसूल होतात. ओली फळी घेतलीच, तर ईशान्येकडच्या राज्यांत वसंतात बसवून सप्टेंबरात स्टेन द्यायचा बेत ठेवा. तोवर ऊन खाल्लेला वरचा थर धुऊन-घासून काढायचा आहे, हे विसरू नका.

धुणं, घासणं, उजळवणं

इथून पुढचं सगळं आर्सेनिक नसलेल्या डेकबद्दल.

जुन्या फळ्यांवर आधीच्या स्टेनचे पोपडे असतील तर ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुरणारा स्टेन पोपड्यातून आत जात नाही. त्यासाठी स्ट्रिपर मिळतो. तो तीव्र अल्कली असतो, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि बंद बूट हवेत. पोपडे नसतील तर सोडियम परकार्बोनेट असलेला डेक क्लीनर पुरतो. कपड्यांचं क्लोरीन ब्लीच वापरू नका. त्याने लाकूड पांढरं दिसतं खरं, पण तंतू कमकुवत होतात.

क्लीनर सगळ्या डेकवर लावा, नव्या फळ्यांवरसुद्धा. दहा-पंधरा मिनिटं तो ओला राहू द्या, ताठ नायलॉनच्या ब्रशने फळीच्या लांबीने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. कडेची झाडं आधी पाण्याने भिजवून झाकून घ्या. तुळशीची कुंडी तेवढे दिवस दुसरीकडे हलवा. प्रेशर वॉशर वापरत असाल तर १२०० ते १५०० पीएसआयच्या वर जाऊ नका, पंख्यासारखी धार पडणारं नोझल लावा आणि ते फळीपासून फूटभर दूर ठेवा. जवळून धार मारली की पाइनचे मऊ भाग खणले जातात आणि लाकडाला लव येते.

दोन-तीन कोरडे दिवस गेले की घासायला घ्या. आधी सगळ्या स्क्रूंची डोकी पृष्ठभागाखाली गेली आहेत ना ते पाहा, नाहीतर कागद फाटत राहतो. जुन्या फळ्यांना ६० नंबरचा सँडपेपर लावून राखाडी थर काढा, खाली मधासारखा रंग दिसू लागेल. नव्या फळ्यांचा गुळगुळीतपणा मोडायला ८० नंबर पुरतो. आणि शेवटचा हात दोन्ही प्रकारच्या फळ्यांवर एकाच नंबरच्या कागदाचा द्या, ८० चा. एका फळीवर ६० आणि शेजारच्या फळीवर १२० चा शेवट केला तर स्टेनचा रंग तेवढ्यानेही वेगळा उमटतो. १०० च्या पुढे जाऊच नका. डेक म्हणजे जेवणाचं टेबल नव्हे, तो फार गुळगुळीत झाला की स्टेन पीत नाही. मास्क लावा आणि भुसा व्हॅक्यूमने उचला.

सगळ्यात शेवटी ब्राइटनर. यात बहुधा ऑक्झॅलिक अॅसिड असतं. ते गंजाचे काळे-निळे डाग घालवतं, उरलेला राखाडीपणा उजळवतं आणि क्लीनरचा अल्कली अंश मारतं. स्ट्रिपर वापरला असेल तर मात्र घासण्याची वाट न पाहता ब्राइटनर लगेच त्याच दिवशी द्या. तो जुन्या-नव्या सगळ्या फळ्यांवर सारखा लावून धुऊन टाका. कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या आणि सिएटलकडच्या सीडरच्या डेकवर याचा फरक फार उठून दिसतो, कारण त्या लाकडांतल्या टॅनिनमुळे लोखंडाजवळ काळे डाग हमखास पडतात. डेक वाळला की दोन लाकडांतलं अंतर निम्म्याहून कमी झालेलं दिसेल.

कोणता स्टेन?

बिनरंगी स्टेन या कामासाठी नाही. त्यात अतिनील किरण अडवणारं रंगद्रव्य नसल्याने लाकूड लवकर राखाडी पडतं, आणि जुन्या-नव्यातला फरक तो लपवत नाही, उलट ठळक करतो.

अर्धपारदर्शक स्टेनमध्ये लाकडाच्या रेषा दिसतात. जुन्या फळ्या नीट उजळल्या असतील आणि लाकूड एकाच जातीचं असेल तर हाच निवडा. तो आत मुरतो आणि झिजत फिका होतो, पोपडे धरत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी नुसतं धुऊन वर हात देता येतो.

घासूनही फरक ठळक राहत असेल तर एक पायरी वरचा, जास्त रंगद्रव्याचा सेमी-सॉलिड घ्या. रेषा थोड्या दिसतात आणि फळ्यांतला फरक बराच झाकला जातो. जुन्या-नव्या मिश्रणाच्या बहुतेक डेकना हा मधला मार्ग मानवतो.

सॉलिड स्टेन जवळजवळ ऑइलपेंटसारखा बसतो आणि सगळा फरक झाकतो. पण तो पृष्ठभागावर थर धरतो. आत ओल राहिलेल्या नव्या फळीवर तोच थर उचलला जातो, आणि जिथे सतत पाय पडतात तिथे पोपडे निघतात. एकदा सॉलिडकडे गेलं की परत यायला सगळं खरवडावं लागतं. म्हणून त्याला हात शेवटी घाला.

रंग मध्यम तांबूस तपकिरी निवडला तर नव्या पाइनची हिरवट छटा बरीच दबते. फार गडद रंग फरक झाकतो, पण जुलैच्या दुपारी त्यावर अनवाणी चालवत नाही. घरात लहान मुलं असतील तर याचा विचार करा.

चाचणी केल्याशिवाय डबा उघडू नका

दुकानातल्या रंगपत्रावर विसंबू नका. नव्या फळीचा उरलेला तुकडा घ्या, तो बाकीच्या फळ्यांबरोबरच धुऊन, घासून, उजळवून ठेवलेला असू द्या. जुन्या लाकडासाठी डेकचा एखादा कोपरा किंवा काढलेल्या फळीचा चांगला भाग घ्या. तुमच्या मनातले दोन-तीन स्टेन छोट्या डब्यांत आणा आणि प्रत्येकाचा पट्टा दोन्ही लाकडांवर ओढा. अर्ध्या पट्ट्यावर एक हात, अर्ध्यावर दोन. दोन दिवस उन्हात वाळू द्या आणि सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी पाहा. कोणत्या रंगात आणि किती हातांत दोन्ही तुकडे सगळ्यात जवळ येतात, हे तेव्हाच ठरतं.

प्रत्यक्ष काम

हवा १० ते ३२ अंश सेल्सियसच्या दरम्यान हवी, आणि आधीचा व नंतरचा एकेक दिवस तरी कोरडा. तापलेल्या फळीवर स्टेन मुरण्याआधीच सुकतो, म्हणून सकाळचं दव उडाल्यावर, डेक सावलीत असताना काम करा. पूर्व किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत झाडांचे पिवळे पराग उडत असतात, ते ओल्या स्टेनला चिकटतात. तो हंगाम टाळा.

स्टेन किती लागेल ते आधी मोजा. १२ बाय १६ फुटांचा डेक म्हणजे १९२ चौरस फूट. जुनं खरबरीत लाकूड एका गॅलनमध्ये दीडशे-दोनशे चौरस फुटांपलीकडे जाऊ देत नाही. कठडा आणि पायऱ्या धरल्या तर दोन गॅलन लागतील. सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून मिसळा, कारण डब्याडब्यांत छटेचा थोडा फरक असतो. काम चालू असतानाही अधूनमधून ढवळत राहा, रंगद्रव्य तळाशी बसतं.

आधी कठडा, मग जमीन आणि शेवटी पायऱ्या. फळ्यांची कापलेली टोकं आधी भरा, पाणी तिथूनच सगळ्यात जास्त शिरतं. मग दोन-तीन फळ्या एका वेळी घ्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता न्या. मधेच थांबलात की सुक्यावर ओला हात चढून जोडाची गडद रेघ कायमची राहते. हे काम दोघांनी केलं तर उत्तम: एकाने रोलरने किंवा पॅडने स्टेन लावायचा, दुसऱ्याने मागोमाग ब्रशने तो लाकडात घासत जायचं. पंधरा-वीस मिनिटांनी वर साचलेला स्टेन फडक्याने पुसून घ्या. नव्या फळ्यांवर हे विसरू नका, तिथे तो कमी मुरतो आणि न पुसल्यास चकचकीत, चिकट डाग राहतात. नवी फळी फिकी दिसते म्हणून तिच्यावर जाड थर थापू नका. चाचणीत दोन हात ठरले असतील तर डब्यावर दिलेल्या वेळेत दुसरा पातळ हात द्या.

तेलकट स्टेनने भिजलेली फडकी गोळा करून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि अशा ढिगाऱ्यातून आपोआप आग लागते. घरं जळण्याचं हे खरोखरीचं कारण आहे. फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

पुढची दोन वर्षं

जुन्या-नव्याचं जमणं पहिल्याच हातात पुरं होत नाही. पहिल्या हिवाळ्यानंतर नव्या फळ्यांचा पृष्ठभाग उघडतो आणि त्या आधीपेक्षा चांगल्या पितात. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात डेक हलक्या क्लीनरने धुऊन, फक्त नव्या फळ्यांना त्याच स्टेनचा एक पातळ हात द्या. यासाठी थोडा स्टेन घट्ट झाकणाच्या डब्यात, थंडीत गोठणार नाही अशा ठिकाणी राखून ठेवा, आणि डब्याचं नाव, छटेचा क्रमांक, तारीख एका कागदावर लिहून तोही जपून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पूर्ण डेकला हात द्यायची वेळ येईल, तोवर दोन्ही फळ्या बऱ्याच एकरंगी झालेल्या असतील.

दर वसंतात थेंबांची चाचणी करा. पाणी सगळीकडे मुरू लागलं की स्टेन संपत आला. हिवाळ्यात बर्फ काढायला लोखंडी फावडं वापरू नका, प्लास्टिकचं घ्या. कुंड्या पायांच्या स्टँडवर ठेवा, तुळशीचीही. कुंडीखाली अडकलेली ओल गोल काळा डाग पाडते आणि तिथूनच फळी कुजायला लागते. रबरी पाठीची पायपुसणी डेकवर कायमची पडू देऊ नका.

एवढं केलंत तर पुन्हा एखादी फळी बदलावी लागली तरी धास्ती वाटणार नाही. नवी फळी वाळवायची, धुवायची, शेजारणीच्याच नंबरच्या कागदाने घासायची आणि राखून ठेवलेल्या स्टेनचा तुकड्यावर पट्टा ओढून पाहायचा. एका फळीचं काम तेवढंच उरतं, आणि सगळा डेक पुन्हा काढावा लागत नाही.